उभं राहायचा क्लास

किस्से कुठे साठतात? तुम्ही म्हणाल, जिथे गप्पा रंगतात तिथे. चूक! गप्पांत किस्से सांडून जातात. साठतात ते जिथे बोलायला बंदी असते तिथे. आमच्या अंधेरीच्या बागेत बदामाच्या झाडाखाली रोज सकाळी आम्ही काही म्हातारी माणसं तासभर तोंड मिटून, हात पुढे धरून उभी असतो. बघायचं सगळं, बोलायचं काही नाही. मग तास संपला आणि बाकावर टेकलो, की जे काय बाहेर पडतं! आमची कुसुम म्हणते, "कुकरची शिटी उचलल्यासारखा वाटता गो."

हा क्लास ताय-चीचा. चीनमधले साधूबाबा डोंगरात राहून हे करायचे म्हणे. मारामारीची विद्या आहे, पण इतकी हळू, की ज्याला मारायचं तो तोवर चहा पिऊन परत येईल.

*

माझी सुरुवात पडण्यापासून झाली.

मी बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण घाबरले. माझ्याहून जास्त घाबरला माझा मुलगा दिनू. दिनू लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. माणूस वरून खाली कोसळू नये, याचाच विचार तो दिवसभर करतो. आणि त्याचीच आई सपाट लादीवर पडली! दुसऱ्या दिवशी ड्रिल मशीन घेऊन बसला. बाथरूममध्ये, पॅसेजमध्ये, माझ्या पलंगाशी, एवढंच काय, देव्हाऱ्याशीसुद्धा धरायला स्टीलचे दांडे ठोकले. शेजारची कुसुम मला बघायला आली. आत आली, एक दांडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "कंडक्टर, एक अंधेरी स्टेशन!"

दांड्यांचं काही वाटलं नाही मला. पण त्याने माझं बंदर बंद केलं.

मी मालवणकडची. नवरा मिलमध्ये होता तोवर आम्ही तिकडे मिलच्या चाळीत, मग मिल बंद पडली आणि इकडे अंधेरीला आलो. इकडे आल्यापासून रविवारची सकाळ म्हणजे वर्सोव्याचं बंदर. मासळी मी स्वतःच्या हाताने घेणार. गाल उघडून बघणार, बोटाने दाबणार, कोळणीशी भांडणार. माझा तो देवळात जाण्याचा वार! आणि दिनू म्हणाला, "आई, तिथे सगळं ओलं असतं. बर्फाचं पाणी, खवले, धक्काबुक्की. तू पडलीस तर? आता मासे घरी येतील."

आले. पॅकेटमध्ये. डोकं नाही, शेपूट नाही, चौकोनी तुकडे.

मी विचारलं, "दिनू, हा बांगडा कशावरून?"

"पॅकेटवर लिहिलंय आई."

"मला लिहिलेलं वाचता येत नाही बाबा. मला बांगडा वाचता येतो. पण त्याचं तोंड कुठे ठेवलंय यांनी?"

सून स्मिता हसली. दिनू नाही हसला. म्हणाला, "आधी नीट उभी राहून दाखव. मग बघू."

आमच्या घरात 'मग बघू' म्हणजे 'नाही'. पण मी ते 'हो' म्हणून धरलं. कुसुमला म्हटलं, मला नीट उभं राहायला शिकायचंय. ती म्हणाली, "मगे चल माझ्या वांगडा. थंय दुसरा काय शिकवतच नाय!"

*

खोटं नव्हतं ते. पहिल्या दिवशी मास्तरांनी आम्हाला नुसतं उभं केलं.

मास्तरांचं नाव इनास. इथल्याच जुन्या गावठाणातले ख्रिस्ती. घरी मराठीच बोलतात, पण त्यांची मराठी थोडी कोळणींकडे झुकणारी. मालवाहू बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करणारे. बोट हलली की सगळे भेलकांडायचे, पण एक चिनी म्हातारा कढईसमोर खांबासारखा उभा असायचा. मास्तरांनी त्याला गुरू केलं. बदल्यात त्याला काय शिकवलं म्हणाल तर आंबट वरण.

तर मास्तरांनी आम्हाला सांगितलं, "गुडघे जरा सैल. हात असे, मोठ्ठा पिंप कवटाळल्यावानी. डोक्याची टालू वर, बूड खाली. आता गप उभं ऱ्हा."

राहिले. डास चावला तरी राहिले. कावळा बोलला, पलीकडे हास्यक्लबवाले गडगडले, तरी आम्ही आपले पिंप धरून. तास संपला. मी पोटऱ्या चोळायला लागले. मी म्हटलं, "मास्तर, आज शिकवलंत काय?"

"उभं ऱ्हायला."

"ते तर मला चालायला लागायच्या आधीपासून येतं!"

मास्तरांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "येत आसतं तं पडली कशाला आसतीस, बाय?"

*

दुसरा धडा श्वासाचा. मास्तर म्हणाले, श्वास छातीत अडकवू नका. पार खाली न्या, बेंबीच्या खाली दोन बोटं. तिथे शक्तीचं कोठार आहे. चिनी लोक सगळी ताकद तिथे साठवतात.

आम्ही बायका एकमेकींकडे बघायला लागलो. शेवटी कुसुमच बोलली. "मास्तर, थंय परकराची नाडी आसता."

मास्तर बोटीवर वादळं बघितलेला माणूस. पण नाडीपुढे तेही भेलकांडले. आकाशाकडे बघत म्हणाले, "मंग... सैल करा थोडी."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या साडीवाल्या नाड्या सैल बांधून हजर. श्वास काय मस्त खाली गेला! पोट पाळण्यासारखं हलायला लागलं. उभं होतो तोवर सगळं झकास. मग मास्तर म्हणाले, "आता हलूहलू चाला. मांजरावानी."

पहिलं पाऊल टाकलं आणि वाट लागली. साऱ्या जणींचा एक हात गपकन कमरेवर. उजवा हात हवेत, डावा हात कमरेला घट्ट, आणि चेहरे गंभीर. अशा आम्ही बागेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मांजरासारख्या गेलो. कोणी हसलं नाही, कारण हसलं असतं तर नाडी राहिली नसती.

त्याच दिवशी कामत नवीन आले होते. बँकेतून रिटायर झालेले, बायको वर्षभरापूर्वी गेलेली, एकटे. माणूस हुशार, सगळं बारकाईने टिपणारा. आम्ही जुन्या म्हणून त्यांनी आमच्याकडे बघून शिकायचं ठरवलं.

पुढे आम्ही इलॅस्टिकवाले पंजाबी ड्रेस घातले, प्रश्न मिटला. पण कामत डावा हात कमरेवर ठेवूनच चालायचे. मास्तरांना वाटलं, माणसाची कंबर दुखत असेल. आम्हाला वाटलं, बँकेतली सवय असेल. एक दिवस मी विचारलंच. ते मला समजावून सांगायला लागले, "अहो, शक्तीचं कोठार आहे ना, ते डाव्या हाताने सांभाळायचं. पहिल्याच दिवशी लक्षात आलं माझ्या. मी तर नाशिकच्या भावालाही व्हिडिओ कॉलवर शिकवलंय. त्याचा तिकडे ग्रुप आहे."

नाशिकला अजून तसेच चालतात म्हणे.

*

मास्तरांच्या एकेका हालचालीला नाव असतं. बगळा पंख पसरतो. घोड्याच्या मानेवरून हात फिरवा. मला नावं लिहून ठेवता येत नाहीत, पण एकदा ऐकलेलं मी विसरत नाही. त्यामुळे मास्तर आले नाहीत तर पुढची हालचाल कोणती ते सगळे मलाच विचारतात.

एक हालचाल आहे, समुद्राच्या तळाची सुई. एका पायावर वजन घ्यायचं, कमरेतून हळूहळू वाकायचं आणि उजव्या हाताची बोटं जमिनीकडे न्यायची, जशी सुई उचलतो. आम्ही ओळीने वाकलो होतो. नजर खाली. सगळं शांत.

वॉकिंग ट्रॅकवरून एक बाई चालल्या होत्या. थांबल्या. "काय पडलं का हो?"

बोलायची बंदी. कोणी उत्तर दिलं नाही.

बाईंना वाटलं, फारच मोलाचं काहीतरी पडलं असणार, शब्द फुटत नाहीत बिचाऱ्यांना. त्या आत येऊन गवतात शोधायला लागल्या. त्यांच्या मागून एक जोडपं आलं. हास्यक्लबचे दोघं हसायचे थांबून आले. माळीबुवा पाइप टाकून आला. आम्ही आपले उठतोय, पुन्हा वाकतोय. जितके वाकतोय तितकी माणसं वाढतायत. एकजण मोबाइलची टॉर्च लावून भर उजेडात गवत चाळत होता.

आणि माळीबुवा ओरडला, "सापडलं!"

त्याच्या हातात मोत्याचं कानातलं. मातीने भरलेलं. कुसुमने सुई समुद्राच्या तळाशीच सोडली आणि किंचाळली, "अगो बाय! ह्या माझा! गणपतीच्या आधी हरवल्ला!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या वाटेला लागले. मास्तरांनी कपाळाला हात लावला. कुसुम त्यांच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, उद्या पण हीच सुई घेऊया? माझा एक जोडवा पण खंय तरी पडला हा."

*

इकडे घरी माझं आपलं चालूच. बंदराचा ध्यास सुटत नव्हता. गॅसशी भात शिजेपर्यंत एका पायावर उभी राहायचे. आधी ओट्याला हात लावून, मग एक बोट लावून, मग बोटही काढून. एका पायातलं वजन दुसऱ्या पायात ओतायचं, जसं एका टोपातलं पाणी दुसऱ्या टोपात. धसकन ओतलं की सांडतं. मास्तरांचं म्हणणं हेच, म्हातारं माणूस पाय घसरून पडत नाही, वजन सांडून पडतं.

एक दिवस ठरवलं, आज दिनूला दाखवायचं. तो कामावरून आला, बूट काढत होता. मी पॅसेजच्या मधोमध उभी राहिले, दांड्यांपासून लांब. डावा पाय हळूहळू उचलला. बगळा पंख पसरतो. मी इतकी स्थिर होते, की माझ्या डोक्यावर कळशी ठेवली असती तरी पाणी हललं नसतं.

"आईऽऽऽ!"

दिनू एका पायात बूट घालून धावत आला, आणि येताना असा ओरडला, की मी दचकले, हलले, आणि दांड्यावर आपटले.

"बघ! बघ! आत्ता पडली असतीस!"

"मी पडत नव्हते रे मेल्या, तू पाडत होतास!"

पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग मी आपणहून दांडा धरला. त्या रविवारी पुन्हा पॅकेट आलं. या वेळी सुरमई होती, असं स्मिताने वाचून सांगितलं.

*

ताय-चीत एक जोडीने करायचा प्रकार असतो. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट लावायचं. समोरच्याने ढकललं तर अडवायचं नाही. त्याचा जोर येऊ द्यायचा, त्याच्याबरोबर वळायचं, आणि जोर आपोआप बाजूने निघून जातो. मास्तर म्हणतात, "दाराला धक्का मारला तं दार काय करतं? उघडतं. भिंतीला मारला तं हात मोडतो. तुमी दार व्हा."

कुसुमचं नि तिच्या सुनेचं स्वयंपाकघरात रोजचं युद्ध. गोष्ट काहीही असो, सून पूर्व तर कुसुम पश्चिम. मला म्हणाली, "आज मी घरात दार व्हतंय."

त्या दिवशी सून म्हणाली, "आई, सोलकढीला नारळ कशाला खवायचा? पावडर वापरते."

कुसुम म्हणाली, "बरं."

सुनेने ढवळता ढवळता वर बघितलं. "आणि संध्याकाळी आपण पिझ्झा मागवू."

"बरं."

"आणि... तुमचं ते जुनं कपाट काढून टाकू या का?"

कुसुमच्या लग्नातलं कपाट! पण तिने श्वास बेंबीच्या खाली नेला, कमरेतून किंचित वळली आणि हसून म्हणाली, "बरं, बाय."

सुनेने हातातला डाव खाली ठेवला. आत गेली. बीपीचं मशीन घेऊन आली आणि बाहेर नवऱ्याला हाक मारली, "अहो, लवकर या! आईंना काहीतरी होतंय!"

डॉक्टर आले. बीपी नॉर्मल. सून रात्री कुसुमच्या पायाशी बसून म्हणाली, "आई, उद्या नारळ खवते मी. पण तुम्ही आधीसारख्या बोला."

कपाट अजून आहे. कुसुम म्हणते, मारामारीची विद्या ती हीच!

*

एक किस्सा मी जरा हळू सांगते.

डोळे मिटून उभं राहायचे दिवस होते. मास्तर म्हणायचे, हाताच्या तळव्यांकडे लक्ष द्या, ऊब जाणवेल. ती तुमची शक्ती. कोणी म्हणायचं, मला मुंग्या येतात. कोणी म्हणायचं, गरम वाफ लागते. मी खरं सांगायचे, मला तर वारा लागतो. पण कामतांना काहीच लागेना. ते फार मनाला लावून घ्यायचे. "माझ्या हातात काही उरलंच नसेल," असं एकदा म्हणाले, आणि ते हसण्यावारी न्यायचं बोलणं नव्हतं.

एका सकाळी सगळे गोल करून उभे होतो. डोळे मिटलेले. खूप वेळ गेला. मास्तरांनी टाळी वाजवली, डोळे उघडले, तर कामत तसेच उभे. गालावरून पाणी वाहतंय. हात पुढेच.

"काय झालं, साहेब?"

"लागलं," कामत म्हणाले. "ऊब लागली. कोणीतरी हात धरल्यासारखं झालं. दोन बोटं धरली आणि सोडली. ती अशीच धरायची. रस्ता क्रॉस करताना."

मास्तरांनी त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही. आम्ही सगळे तसेच बाकांवर बसून राहिलो.

घरी जाताना कुसुम माझ्याबरोबर गप्प गप्प चालत होती. गप्प म्हणजे काहीतरी नक्कीच. गेटशी आल्यावर माझा दंड धरून थांबली.

"गो, माझो झोक गेल्लो. बाजूक कोण आसा ता न बघता धरलंय आणि सोडलंय."

मी बोलायला तोंड उघडलं.

"तोंड उघडशीत तर बघ," ती म्हणाली.

आजपर्यंत आम्ही दोघींनी कामतांना सांगितलेलं नाही. आता इथे सांगतेय, स्मिता लिहून घेतेय, पण ते पेपरातलं शेअरबाजाराचं पान सोडून काही वाचत नाहीत. आणि एक आहे. त्या दिवसापासून कुसुमने गोलातली कामतांशेजारची आपली जागा बदललेली नाही. आणि तिचा झोक आता जात नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी अधूनमधून जातो!

*

आता बंदराचं.

एक दिवस तास संपल्यावर मास्तर मला म्हणाले, "बाय, बागंत तुझं झालं. बागंतली जमीन गरीब हाय, कोनाला पाडत नाय. रविवारी मी म्हावरं घ्यायला वर्सोव्याला आसतो. तिथं उभी ऱ्हाऊन दाखव."

घरी येऊन मी जेवताना विषय काढला. दिनूने भाताचा घास खाली ठेवला. "नाही म्हणजे नाही आई."

या वेळी मी भिंत झाले नाही. म्हटलं, "बरं."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे तुला भीती वाटते, ते बरोबर आहे. मलाही वाटते. पण पडायच्या भीतीने मी बसून राहिले ना, तर तू जिला जपतोयस ती मी नसेन. दांडा धरून बसलेली कोणीतरी दुसरीच म्हातारी असेल."

त्याने ताट बाजूला सारलं. स्मिता म्हणाली, "जाऊ दे ना रे त्यांना." शेवटी दिनू उठत म्हणाला, "जा. रविवारी माझी ड्युटी आहे, मी काही येऊ शकणार नाही. फोन चालू ठेव."

रविवारी मी रिक्षाने गेले. एकटी. रिक्षातून उतरले आणि तो वास आला! खारा, ओला, सुक्या बोंबलांचा आणि डिझेलचा. डोळे भरून आले, पण डोळे भरून चालायची जागा नव्हती ती. खाली बर्फाचं पाणी वाहतंय, खवले चमकतायत, कोळंबीची टरफलं. मी श्वास खाली नेला. गुडघे सैल सोडले. एका पायातलं वजन दुसऱ्यात. न सांडता. मांजरासारखी.

"बाजूऽ! बाजूऽ!" करत एकजण डोक्यावर मासळीचा क्रेट घेऊन आला. त्याचं कोपर माझ्या खांद्याला जोरात लागलं. अख्खं अंग दारासारखं वळलं, तो निघून गेला, आणि मी परत मिटले. पाय जिथे होते तिथेच! आजूबाजूला कोणाचं लक्षही नव्हतं. मला वाटलं, कोणाला तरी धरून सांगावं, अरे बघितलंत का?

पुढे माझी जुनी कोळीण बसली होती, शेवंती. मला बघून टोपलीवरून ओरडलीच, "गो माय! मेलीस का जगलीस तू? इतके दिवस कुठं होतीस?"

"उभं राहायला शिकत होते."

"बस आता, बांगडं बघ."

बांगडे डोक्यासकट होते. मी एकाचा गाल उघडला. आत लालबुंद. बोटाने दाबला, मांस परत वर आलं. मी भांडले, तीही भांडली, दोघींनाही बरं वाटलं. पिशवीत बांगडे टाकता टाकता ती माझ्या मागे बघायला लागली.

"आजी, तो तुझ्या मांगं कोन येडा हाय गो? तू थांबलीस का थांबतो, तू चाललीस का चालतो. मगाधरनं बघतेय मी. सगली त्याच्यावर आपटतायत, पन ह्यो हलत नाय!"

मी मान वळवली नाही. कमरेपासून वळले, हळू, शिकवल्यासारखी.

मासळीच्या गर्दीत, माझ्यापासून दोन हातांवर, कंपनीचा निळा शर्ट घातलेला दिनू उभा होता. गुडघे वाकवलेले. पाय रुंद. दोन्ही हात पुढे, गोल, मी कुठल्याही बाजूला कलले तरी त्यात येईन असे. नजर माझ्या टाचांवर. मी वळलेय हेही त्याला कळलं नव्हतं. बर्फाची हातगाडी त्याच्या पायाला घासून गेली, एका बाईची टोपली त्याच्या पाठीला लागली, कोणीतरी शिवी दिली. तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात पापलेटची पिशवी घेऊन इनास मास्तर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. मला शाबासकी द्यायला आले असतील. पण त्यांचं लक्ष दिनूकडे गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी दिनूला कधी बघितलं नव्हतं.

"बाय," ते हळूच म्हणाले, "त्या पोराला बघ. गुडघं बघ त्याचं. हात बघ. नि डोलं... दुसरं कायच दिसत नाय त्याला. आसा उभा ऱ्हायलेला मानूस मी बोटीवर एकच बघितला, माझा चिनी म्हातारा. आमच्यातला कोनी आजून तिथं पोचला नाय, मी पन नाय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "किती वर्सं शिकत आसल गो हा?"

मी म्हटलं, "मी पडले तेव्हापासून."